पी.टी.चा तास नेमका कोणासाठी?

ठाणेकरीण

माझी मुलगी आठवीत आहे, अनुदानित मराठी शाळेत. वेळापत्रकात पी.टी.चे तास छापलेले आहेत. शाळा सुरू झाल्यापासून त्यातले बरेच तास गणित आणि विज्ञानाने घेतले. जे झाले त्या वेळी शाळेच्या कबड्डी संघाचा सराव सुरू होता आणि बाकीचा वर्ग मैदानाच्या कडेला बसून बघत होता. उन्हात बसायचं, गप्पा मारायच्या, घंटा झाली की वर्गात यायचं.

पालकसभेत मी हे बोलले. उत्तर आलं, "अहो, आपला संघ विभागापर्यंत जाऊन आला, आणखी काय हवं?" त्या मुलींचं मला मनापासून कौतुक आहे. पण कबड्डीच्या संघात बारा जणी असतात. वर्गात साठ मुलं आहेत. ती बाकीची मुलं वाढत्या वयाची आहेत, त्यांनाही फुप्फुसं आणि गुडघे आहेत, आणि वेळापत्रकातला तो तास त्यांच्याही नावाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. आमच्याकडे शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की गृहपाठ. सोसायटीच्या आवारात गाड्या लागलेल्या. मग हे साठ मिनिटांचं काम शाळेखेरीज होणार कुठे?

माझं म्हणणं इतकंच आहे की पी.टी.चा तास सर्वात आधी त्या मुलांचा आहे, जी कधीच कुठल्या संघात जाणार नाहीत. संघाचा सराव शाळेआधी किंवा शाळेनंतर व्हावा. तुमच्या मुलांच्या शाळेत काय चालतं? इथे शिक्षक असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

वऱ्हाडी_ठसका

अनुमोदन. आमच्याकडं अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. तिथल्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. एवढा वारसा असलेल्या भागातल्या कितीतरी शाळांत आज पी.टी. म्हणजे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधीची कवायत. सावधान, विश्राम, डावे वळ, उजवे वळ. सव्वीस तारीख गेली की लेझमी पुन्हा पेटीत.

गणितवेडा

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, म्हणजे ताईंच्या मते मीच तो तास घेणारा. आमची बाजूही ऐकावी. अभ्यासक्रम पूर्ण करायला जे दिवस मिळायला हवेत ते मिळत नाहीत. प्रशिक्षणं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, स्थानिक सुट्ट्या. दहावीचा निकाल खाली आला की सगळे पालक आमच्या दारात येतात. पी.टी.चा तास झाला नाही म्हणून तक्रार घेऊन आलेला पालक मी फार क्वचित पाहिला आहे. शारीरिक शिक्षणाला बोर्डाच्या प्रमाणपत्रावर श्रेणी असते, टक्केवारीत ती धरली जात नाही. अशा विषयाचा तास शाळेत सगळ्यात आधी दिला जातो. तो कोणी दुष्टपणाने देत नाही.

मैदानी

सातारा जिल्ह्यात शारीरिक शिक्षण शिकवतो. निवृत्ती जवळ आली आहे, त्यामुळे बरंच पाहिलं आहे.

गणितवेडा सर, तुमच्या अडचणी मला पूर्ण मान्य आहेत, आपण एकाच स्टाफरूममध्ये बसतो. पण तास "दिला जातो" हे कसं घडतं ते पालकांना कळायला हवं. शाळेत पी.टी.चे सर म्हणजे शिस्त. प्रार्थनेचा माईक, रांगा, उशिरा येणारी मुलं, स्नेहसंमेलनाचा मंडप, पाहुण्यांचं स्वागत, सहलीची बस, एखादा शिक्षक रजेवर असला की त्याचा वर्ग सांभाळणं. दिवसाचे निम्मे तास यात जातात. नंतर शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम येतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. शाळेला ढाल हवी असते, वर्तमानपत्रात फोटो हवा असतो. पी.टी.च्या शिक्षकाचं मोजमाप या एकाच गोष्टीवर होतं. सातवी ब मधल्या अजिबात न पळणाऱ्या मुलाला वर्षाअखेरीस एक फेरी न थांबता पळता यायला लागली, याचा फोटो कोणी छापत नाही. खरं शारीरिक शिक्षण मात्र तेच आहे.

आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं म्हटलं आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक हवेत. शब्द नीट वाचा, अंशकालीन. पहिली ते पाचवीला तर या विषयाच्या वेगळ्या शिक्षकाची तरतूदच नाही. वर्गशिक्षकच सगळं बघतो. धावायला, उडी मारायला, झेलायला, तोल सांभाळायला ज्या वयात शिकायचं, नेमक्या त्या वयात शिकवणारा माणूस नाही. आठवीत मूल माझ्याकडे येतं तेव्हा चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घेतं. भित्रं असतं म्हणून नव्हे, त्याला झेल घ्यायला कोणी शिकवलेलंच नसतं.

रानजाई

मैदानी सर, शेवटचा परिच्छेद वाचून अगदी आतून पटलं.

मी शाळेत खो-खो खेळले, पुढे जिल्ह्याकडूनही खेळले. त्यामुळे ठाणेकरीण ताई ज्या संघातल्या मुलींबद्दल बोलत आहेत, त्यांच्यातली मी एक. तरीही ताईंचंच बरोबर आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली वर्षभर मैदानात उतरायच्या नाहीत. कारणं कोणी विचारली नाहीत. सलवार-कमीज आणि ओढणीचा गणवेश, त्यात पळायचं कसं? बाथरूमला पाणी नाही, कडी नाही. पाळी आली की "आज बरं नाही" म्हणून कडेला बसायचं, आणि ते सगळ्या वर्गाला कळायचं. मुलं शिट्या मारायची. सातवीपर्यंत बिनधास्त पळणारी मुलगी नववीत सावलीत बसलेली असते ती या सगळ्यामुळे.

शाळांनी अगदी साध्या गोष्टी केल्या तरी फरक पडतो. पी.टी.च्या दिवशी मुलींनाही ट्रॅक पँट आणि टी-शर्ट. बाथरूमला कडी आणि पाणी, शिक्षिकांकडे पॅड. पाळीत खेळायचं की नाही हे त्या मुलीने ठरवायचं, तिला कोणी बसवायचं नाही आणि कोणी उठवायचंही नाही. आणि मैदानावर एक तरी बाई असावी.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्रातले. त्या दिवशी मी टीव्हीसमोर रडले. पण आनंदाच्या भरात हेही वाटलं, की हा खेळ ज्या मातीत वाढला तिथल्या किती मुलींना "खो" म्हणून पाठीवर थाप कशी पडते हे माहीत आहे?

गणितवेडा

रानजाई ताई, मुलींच्या गणवेशाचा मुद्दा आमच्या शाळेत कधी चर्चेलाच आला नाही. पुढच्या बैठकीत मांडतो.

एक सूचना मात्र करतो. या विषयाचे गुण टक्केवारीत धरा, म्हणजे तास आपोआप होतील. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतातच. सगळ्यांनाच का नकोत?

ऱ्हाइनकाठ

गणितवेडा, इथे जर्मनीत शारीरिक शिक्षणाला गणितासारखेच गुण असतात, म्हणून लिहितो. माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत आहेत. चांगलं काय, तर तास कधी रद्द होत नाही, शिक्षक प्रशिक्षित असतो आणि प्राथमिक शाळेतच वर्गच्या वर्ग तलावावर नेऊन पोहायला शिकवतात. मराठी घरातल्या, पाण्याला घाबरणाऱ्या माझ्या लेकीला शाळेने पोहायला शिकवलं, याबद्दल मी कायम ऋणी राहीन.

पण इथे शाळांत बुंडेसयुगेंडश्पिले नावाची मैदानी स्पर्धा दरवर्षी होते. धावणं, उडी, फेक, आणि गुणांप्रमाणे तीन प्रकारची प्रमाणपत्रं. ज्यांना कायम सगळ्यात खालचं मिळतं अशी मुलं त्या दिवसाची धास्ती घेतात. त्यावर इथे बरीच वर्षं वाद झाला आणि शेवटी प्राथमिक वर्गांसाठी तिचं स्वरूप सौम्य केलं, त्यावरही पुन्हा वाद झाला. सेकंद आणि सेंटिमीटर मोजून गुण दिले की आधीच वेगवान असलेल्या मुलाला बक्षीस मिळतं, आणि हळू मुलाला आपण हळू आहोत याचा छापील पुरावा. तेव्हा गुण देताना जपून.

मैदानी

ऱ्हाइनकाठ यांनी फार महत्त्वाचं लिहिलं आहे. मी गुणांच्या विरोधात नाही, पण मुलाची तुलना त्याच्याच जूनमधल्या नोंदीशी व्हावी. फिट इंडियाच्या शालेय चाचण्या तुम्ही पाहिल्या असतील: चौथीपासून पुढे ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, पुशअप. चाचण्या चांगल्या आहेत. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी एकदाच आकडे घेतात, ॲपवर चढवतात आणि संपलं. मी ६०० मीटरची वेळ जूनमध्ये घेतो, जानेवारीत परत घेतो, आणि मुलाला त्याचे स्वतःचेच दोन आकडे शेजारी शेजारी दाखवतो. जोराने वर्गासमोर वाचत नाही. वजनाचा आकडा तर कधीच नाही.

एका पद्धतीविरुद्ध मी आयुष्यभर बोलत आलो आहे. गृहपाठ केला नाही, मैदानाला पाच फेऱ्या. उशीर झाला, दहा बैठका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा बेकायदा आहे, हा एक भाग. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्याहून वाईट हे, की पळणं म्हणजे शिक्षा हे मुलाच्या अंगात भिनतं. मराठीचे शिक्षक चूक झाली म्हणून कविता वाचण्याची शिक्षा देतात का?

अबोली

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दवाखान्यात रोज दिसतं ते थोडक्यात लिहिते.

एक, मुली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. मैदानावर लवकर धापा टाकणाऱ्या मुलीला "आळशी" म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासायला सांगा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते का, हेही पाहा. जेवणानंतर दिली तर मळमळ कमी होते.

दोन, दमा असलेली मुलं. पालक चिठ्ठी देतात, "याला पी.टी.तून सूट द्यावी". बहुतेक वेळा सूट द्यायची गरज नसते. दमा नीट आटोक्यात असेल, इनहेलर दप्तरात असेल आणि सुरुवातीला अंग हळूहळू गरम केलं, तर ही मुलं खेळू शकतात आणि त्यांनी खेळावं. आपल्या डॉक्टरांशी बोला.

तीन, डोळे. लहानपणी दिवसाउजेडी बाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांना दूरचं धूसर दिसतं म्हणून लागणाऱ्या मायनस नंबराच्या चष्म्याचं प्रमाण कमी राहतं. तैवानने २०१० पासून शाळांतून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढण्याचा कार्यक्रम याच कारणासाठी राबवला. क्लाससाठी पी.टी. बुडवणाऱ्या पालकांना मी हे नेहमी सांगते.

आणि ऊन. मार्च-एप्रिलमध्ये अकरा ते चार या वेळात पळवू नका. मुख्याध्यापकांना वेळापत्रकात तेवढा बदल करता येतो.

चाळकरी

सगळं वाचतोय, पण मुंबईत मैदान कुठून आणायचं? मुलाच्या शाळेला सिमेंटचं छोटं आवार आहे, तिथे मुख्याध्यापकांची गाडी आणि स्कूलबस. पावसाळ्यात तर तेही नाही. सर म्हणतात, वर्गात बैठे खेळ खेळा. म्हणजे कॅरम. दोन बोर्ड आणि पन्नास मुलं.

रानजाई

चाळकरी, दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन मल्लखांब एकदा मुलाला दाखवा. दोरीचा मल्लखांब छताला पक्का आकडा, दोरी आणि खाली जाड गाद्या एवढ्यावर होतो. पण शिकवणारा जाणकार हवा, यूट्यूब बघून कोणी करू नये. शाळेला त्या व्यायाम मंदिराशी बोलून शिक्षक बोलावता येईल. आणि दोरीवरच्या उड्यांना तर फरशीचे चार चौकोन पुरतात.

निशिगंध

इतका वेळ लिहू की नको असं चाललं होतं. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. चालतो, पण पाय ओढत. पाचवीपासून पी.टी.च्या तासाला त्याचं काम ठरलेलं आहे: स्कोअर लिहायचा आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. सर प्रेमळ आहेत, वाईट हेतू अजिबात नाही. पण हालचालीची सगळ्यात जास्त गरज ज्या मुलाला आहे, तोच वर्षानुवर्षं बसून आहे. वर तुम्ही सगळे "सगळ्यांसाठी तास" म्हणत आहात, त्यात तो कुठे बसतो?

मैदानी

निशिगंध ताई, तो त्यात सगळ्यात आधी बसतो. बरं झालं लिहिलंत.

माझ्या वर्गात काठीच्या आधाराने चालणारी एक मुलगी होती. तिच्यासाठी वेगळा खेळ काढला नाही, खेळाचा नियम बदलला. आठवड्यातून एकदा सगळा वर्ग जमिनीवर बसून खेळायचा. मध्ये दोरी बांधायची, गुडघ्याच्या उंचीला, आणि फुगा किंवा मऊ प्लास्टिकचा चेंडू पलीकडे मारायचा. ढुंगण जमिनीवरून उचललं की गुण दुसऱ्याला. संघातले तगडे गडी तिथे गडबडून जायचे आणि ती नेम धरून मारायची. तुमच्या मुलाच्या फिजिओथेरपिस्टना शाळेत एकदा भेटायला सांगा. कुठली हालचाल करायची आणि कुठली टाळायची हे त्यांनी सरांना दाखवलं, की सरांची भीती जाईल. पुष्कळदा मुलाला काही होईल या भीतीनेच आम्ही त्याला बसवून ठेवतो.

ठाणेकरीण

निशिगंध, तुमचा प्रतिसाद आधी यायला हवा होता असं वाटलं.

मैदानी सर, आता मला तुमच्याकडून अगदी व्यवहाराचं हवं आहे. मुख्याध्यापिकांनी शनिवारी भेटायची वेळ दिली आहे. त्या विचारणार, "साठ मुलं, एक सर, पस्तीस मिनिटं, चार चेंडू. करायचं काय?" त्याला उत्तर हवं.

मैदानी

उत्तर आहे, मी ते अनेक वर्षं करतो आहे.

पस्तीस मिनिटांतली खाली यायला आणि वर जायला दहा जातात. हातात पंचवीस उरतात, म्हणून हजेरी मैदानावर घ्यायची नाही, वर्गातच. वर्षाच्या सुरुवातीला सहा गट पाडायचे, प्रत्येकात जलद-संथ मुलंमुली मिसळून, आणि ते गट वर्षभर ठेवायचे. रोज गट पाडत बसलं की वेळ जातो, आणि कोणाला घ्यायचं नाही याची चर्चा सगळ्यांसमोर होते. कॅप्टनने एकेक नाव पुकारत संघ निवडायची पद्धत मी बंद केली आहे. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं.

मैदानावर आधी फक्की मारून सहा चौकोन आखून ठेवायचे. सहाही गट एकाच वेळी हलतात. एकीकडे लंगडी. एका गटाला दोरीवरच्या उड्या. एकात छोटा खो-खो, पाच बसलेले, एक धावणारा, बाकीचे पळणारे. लगोरीला सात चपटे दगड आणि एक कापडी चेंडू. पाचव्या चौकोनात दोघादोघांनी चेंडू टाकायचा आणि झेलायचा, अंतर हळूहळू वाढवत. सहाव्यात तोल आणि लवचीकपणा, सूर्यनमस्कारही तिथेच. आठ मिनिटांनी शिट्टी, गट पुढच्या चौकोनात. एका तासात तीन चौकोन, पुढच्या तासाला उरलेले तीन. सामान म्हणाल तर जुन्या दोऱ्या, दगड, कापडी चेंडू. खर्च जवळजवळ नाही.

वर्गाच्या तासाला क्रिकेट नको. मला क्रिकेट आवडतं, पण पंचवीस मिनिटांत दोघे खेळतात, दोघे-तिघे पळतात आणि बाकीचे उभे असतात. बाद झाला की बाहेर असे खेळही जपून घ्यावेत. ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज तोच पहिल्या मिनिटाला बाहेर बसतो. बाद झालेल्याने दहा उड्या मारून परत आत यायचं, असा नियम ठेवा.

संघातल्या मुलांना मी या तासाला पंच करतो. त्यांना नियम पक्के कळतात, बाकीच्यांना खेळायला मिळतं. त्यांचा सराव सकाळी साडेसहाला, मी स्वतः हजर असतो.

गणितवेडा

सर, हे वाचून आमच्या पी.टी.च्या शिक्षकांना दाखवलं. ते म्हणाले, चौकोन आखायला आणि गट लावायला एक महिना लागेल, पण करू. मीही ठरवलं आहे की तास घ्यावाच लागला तर त्याच आठवड्यात माझा एक तास परत द्यायचा, फळ्यावर लिहून. दहावीच्या वर्गाबाबत मात्र जानेवारीनंतर मला हे जमेल असं वाटत नाही, ते प्रामाणिकपणे सांगतो.

ठाणेकरीण

गणितवेडा सर, फळ्यावर लिहून तास परत करणं हे मी शनिवारी तुमचं नाव न घेता सुचवणार आहे. त्याबरोबर तीन मागण्या: संघाचा सराव तासाबाहेर, पी.टी.च्या दिवशी मुलींना ट्रॅक पँट, आणि फेऱ्यांची शिक्षा बंद. सहा चौकोनांचा प्रतिसाद छापून नेते. काय होतं ते इथेच लिहीन.

चाळकरी

मैदानी सर, आमच्या सिमेंटच्या आवारात फक्की टिकेल का? बस निघून गेल्यावर अर्धं आवार मोकळं असतं, तेवढ्यात तीन चौकोन बसतील असं वाटतं.

मैदानी

बसतील. सिमेंटवर ऑइल पेंटने एकदाच रेघा मारून घ्या, वर्षभर जातील. आणि कुठेही फक्की मारणार असाल तर चुन्याची भुकटी वापरू नका, पडलेल्या मुलाच्या डोळ्यात गेली तर डोळा भाजतो. खडूची पूड किंवा रांगोळी घ्या. सिमेंटवर लंगडी आणि पळापळीचे खेळ बूट घालूनच. लगोरी तिथे नको, दगड उडतात, त्याऐवजी रिकाम्या प्लास्टिकच्या डब्या रचा.

बसच्या चालकाशी वेळेचं आधीच बोलून ठेवा, आणि मुलं आवारात असताना फाटक बंद राहील अशी एका शिपाईमामांवर जबाबदारी द्या.